झाडाचं नाव लिहिण्याआधी: फील्ड गाईड कसं वापरायचं

माझ्या पहिल्या पावसाळ्यातल्या फील्डच्या वहीत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: 'कुडा'. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या पानझडी जंगलात आमचे प्लॉट आहेत. पानं समोरासमोर, देठ मोडला की पांढरा चीक, आणि पुस्तकातल्या फोटोशी पान तंतोतंत जुळतं. म्हणून मी प्रत्येक वेळी 'पांढरा कुडा' असं ठोकून दिलं आणि पुढच्या झाडाकडे वळले. आमच्याबरोबर गावातले एक मामा यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "म्याडम, काळा लिवला का पांढरा?" मला वाटलं, एकाच झाडाची दोन गावठी नावं असतील. श्रावणातला पाऊस, चष्म्यावर थेंब, वर मान करून बघायची सोय नाही. मी हसून मान डोलावली.

नोव्हेंबरमध्ये परत गेले तेव्हा झाडांवर लांब हिरव्या शेंगा लोंबत होत्या, जोडीजोडीनं. काही झाडांवरच्या जोड्या खाली सुट्या होत्या. काहींवर मात्र दोन्ही शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली होती, कानातल्या डुलासारखी. म्हणजे माझा 'पांढरा कुडा' ही एक जात नव्हतीच, दोन होत्या. नुसत्या दोन जातीही नव्हेत, दोन वेगळी कुळं नसली तरी दोन वेगळ्या प्रजाती: पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हिना प्युबेसन्स आणि काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया.

प्लॉटमधल्या झाडांना नंबराचे पत्रे ठोकलेले होते, त्यामुळे तिथे परत जाऊन एकेक झाड तपासता आलं. दोन दिवस गेले, पण डेटा वाचला. चालत चालत मोजलेल्या पट्ट्यांमध्ये मात्र पत्रे नव्हते. तिथे वहीत फक्त नाव होतं. कोणतं झाड, कसलं पान, काय पाहून नाव ठरवलं, यातलं काहीही नाही. त्या नोंदी आजही माझ्या तक्त्यात 'कुडा, जात अनिश्चित' म्हणून पडून आहेत. त्या दुरुस्त करण्याचा कोणताच मार्ग नाही.

हा लेख त्या दोन प्रकारच्या नोंदींमधल्या फरकाबद्दल आहे. फील्ड गाईड वापरायचं म्हणजे फोटोशी पान जुळवून नाव शोधायचं असं आपल्याला वाटतं. खरं तर चांगलं गाईड तुम्हाला प्रश्न विचारतं, आणि तुमचं काम त्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवण्याचं असतं. नाव हा शेवटचा रकाना. नाव चुकलं तरी उत्तरं लिहिलेली असतील तर चूक सापडते आणि सुधारता येते.

फोटो जुळवणं का फसतं?

दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकली जातात. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींची पानं मधोमध दुभागलेली. 'दोन पाळ्यांचं पान' एवढीच खूण डोक्यात असली की दोन्ही झाडं आपटाच वाटतात. नीट पाहिलं तर आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. कांचनाचं पान मोठं असतं. आणि फुलं आली की शंकाच उरत नाही. आपट्याची फुलं बारीक, फिकट, तुऱ्यात येणारी. कांचनाची मोठी आणि दिमाखदार.

फोटोत एक पान, एका झाडाचं, एका ऋतूतलं दिसतं. जंगलात मात्र तेच झाड कोवळं असतं, जून असतं, सावलीत असतं, उन्हात असतं. फणसाच्या रोपट्याची पानं कधी पाहिलीत? त्यांना खाचा असतात, मोठ्या झाडाच्या पानांना नसतात. तोडलेल्या खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यांची पानंही पुष्कळदा अवाच्या सवा मोठी असतात. शिवाय फोटो जुळवताना आपण साम्य शोधतो, आणि साम्य शोधणाऱ्याला ते सापडतंच. ओळख पटवायची तर फरक शोधावा लागतो.

हातात नेमकं कोणतं पुस्तक आहे?

'झाडांचं पुस्तक' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिलं म्हणजे चित्रांचं किंवा फोटोंचं गाईड. निवडक झाडं, सोपी भाषा. प्रदीप क्रिशन यांचं मध्य भारतातल्या जंगली झाडांवरचं २०१३ सालचं इंग्रजी पुस्तक या प्रकारातलं. त्यात पानाच्या प्रकारावरून झाडापर्यंत जाता येतं, म्हणून नवख्या माणसाला ते फार उपयोगी.

दुसरा प्रकार म्हणजे फ्लोरा, एखाद्या प्रदेशातल्या सगळ्या ज्ञात वनस्पतींची शास्त्रीय नोंद. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि आजही आपल्याकडचे लोक तो उघडतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या महाराष्ट्राच्या फ्लोरातले द्विदल वनस्पतींचे खंड २००० आणि २००१ सालचे. फ्लोरात फोटो नसतात, वर्णन असतं, आणि ते बरंचसं फुलाफळांवर बेतलेलं असतं.

तिसरा प्रकार म्हणजे फील्डमध्ये वापरायची किल्ली. (वर्गात सगळे तिला 'की'च म्हणतात, पण मराठीत लिहिताना 'की' शब्दानं गोंधळ होतो, म्हणून मी किल्ली म्हणते.) पास्कल आणि रमेश यांनी पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलांतल्या झाडांची आणि महावेलींची किल्ली १९८७ मध्ये पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतर्फे काढली. तिचं वैशिष्ट्य असं की ती मुख्यतः पान, साल, चीक अशा गोष्टींवर चालते. कारण उघड आहे. तीस मीटर उंच झाडाची फुलं वर्षातले मोजके आठवडे असतात, आणि तुम्ही नेमके तेव्हा तिथे नसता.

पुस्तक उघडण्याआधी प्रस्तावना वाचा. कंटाळा येतो, पण तिथेच लिहिलेलं असतं की हे पुस्तक कोणत्या प्रदेशाचं, कोणत्या जंगलाचं, आणि यात काय घेतलेलं नाही. सदाहरित जंगलाची किल्ली माझ्या पानझडी प्लॉटमध्ये चालवली तर ती नाव देईल, पण ते नाव कशाचंच नसेल.

पुस्तक मिटलेलं ठेवा, आधी झाड बघा

माझा आता ठरलेला क्रम आहे. झाडासमोर उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं पुस्तक पिशवीतच.

१. जागा. ओढ्याकाठी की कातळावर? लावलेलं की आपोआप आलेलं? अर्जुन बहुधा पाण्याकाठी भेटतो, ऐन डोंगरउतारावरही भेटतो. दोघं एकाच प्रजातीतले आणि दोघांच्याही फळांना पंख असतात.

२. साल. ऐनाची साल काळपट, खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी चौकटी पडलेली. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. मात्र ऐनाचं झाड लहान असेल तर भेगा अजून पडलेल्या नसतात. म्हणून साल लिहिताना खोडाचा घेरही लिहा.

३. पान कुठे सुरू होतं, कुठे संपतं? सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'पळसाला पानं तीन' असं आपण म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं ते एकच पान आहे, तीन पर्णिकांचं. बेलाचं त्रिदळही तसंच. गुढीपाडव्याला कडुनिंबाचं 'पान' म्हणून चावतो ती पर्णिका. ओळखायचं कसं? देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बगलेत कळी शोधा. कळी पानाच्या बगलेत असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. कळी सापडली की तिच्यापुढचं सगळं मिळून एक पान. इथे चुकलात तर पुढचं सगळं पुस्तक निरुपयोगी.

४. पानांची मांडणी. समोरासमोर, एकाआड एक, की एका पेरावर चक्राकार? फांदीच्या टोकाला पानं दाटीनं येतात आणि फसवतात, म्हणून थोडं मागे, मोकळ्या भागात बघा. आणि एका फांदीवर विसंबू नका.

५. चीक आणि वास. एक पान देठाशी मोडा. चीक आला का, कोणत्या रंगाचा? पान चुरगळून हुंगा. इथे एक सावधगिरीची सूचना: बिब्याच्या फळाचा आणि सालीचा रस अंगावर फोड आणतो, आणि एरंडाच्या कुळातल्या शेरासारख्या झाडांचा चीक डोळ्यांना घातक असतो. चाखून बघायचं नाही, चिकाचं बोट डोळ्याकडे न्यायचं नाही, आणि आसपास बिबा असल्याची शंका असेल तर गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय साल खरवडायची नाही.

६. उपपर्णं आणि त्यांचे वण. वडा-पिंपळाच्या फांदीच्या टोकाला टोपीसारखं आवरण असतं. ते गळलं की फांदीभोवती कड्यासारखा वण राहतो. पानं समोरासमोर आणि दोन देठांच्या मधोमध फांदीवर छोटी उपपर्णं दिसली तर कदंबाच्या कुळाकडे बघा. हेदू, कळंब तिथलेच.

७. भिंगातून पान. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. पान उजेडासमोर धरा: जांभळाच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात आणि कडेलगत एक शीर धावते. ऐनाचं पान उलटं करा: मध्यशिरेवर तळाजवळ गाठीसारख्या ग्रंथी दिसतात.

८. फूल, फळ, आणि जमिनीवर पडलेलं सगळं. वर दिसत नसलं तरी झाडाखाली गेल्या वर्षीची शेंग, बी, फुलाचा वाळका देठ सापडतो. फक्त ते याच झाडाचं आहे ना, एवढी खात्री करा.

हे आठही मुद्दे आधी वहीत. मग पुस्तक.

किल्ली कशी चालते

दर पायरीला दोन पर्याय, त्यातला एक निवडायचा, तो सांगेल त्या पायरीवर जायचं. अठराव्या शतकात लामार्कनं फ्रान्सच्या फ्लोरात ही पद्धत रूढ केली, आणि आजही ती तशीच वापरतात. सहा झाडांची एक छोटी किल्ली मी इथे बांधून दाखवते. सगळ्यांची पानं साधी, समोरासमोर किंवा चक्राकार आहेत.

१ अ. देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो: पायरी २
१ ब. चीक येत नाही: पायरी ४

२ अ. एका पेरावर चार किंवा जास्त पानं, चक्राकार: सातवीण
२ ब. एका पेरावर दोन पानं, समोरासमोर: पायरी ३

३ अ. शेंगांची जोडी टोकाशी जुळलेली. फुलाच्या मध्यभागी झालरीसारखे खवले: काळा कुडा
३ ब. जोडीतल्या शेंगा टोकाशी सुट्या; फुलात झालर नाही: पांढरा कुडा

४ अ. समोरासमोरच्या दोन देठांच्या मधे उपपर्णं: कळंब
४ ब. तिथे उपपर्णं नाहीत: पायरी ५

५ अ. पान चुरगळल्यावर वास. उजेडात पारदर्शक ठिपके. कडेलगत शीर: जांभूळ
५ ब. वास नाही, ठिपके नाहीत. पान जाड, बाजूच्या शिरा जेमतेम दिसणाऱ्या: अंजनी

आता माझ्या श्रावणातल्या झाडाला ही लावून बघा. चीक आला, पायरी २. पानं समोरासमोर, पायरी ३. पुढे? फूल नाही, शेंग मी पाहिलेली नाही. म्हणजे माझ्याकडचा पुरावा पायरी ३ च्या दारात संपला. तिथे थांबून 'दोन कुड्यांपैकी एक' असं लिहिणं हेच बरोबर उत्तर होतं. मी एक पाऊल जास्त टाकलं, आणि त्या पावलाखाली जमीन नव्हती.

तुम्ही म्हणाल, पानावरून नाही का ओळखता येत? पांढऱ्या कुड्याची पानं साधारण मोठी आणि रुंद असतात, काळ्या कुड्याची त्या मानानं लहान. पण 'साधारण' हा शब्द इथे महत्त्वाचा. एकाची लहान पानं आणि दुसऱ्याची मोठी पानं एकाच मापात येतात. एकमेकांत मिसळणारी मापं इशारा देतात, निकाल देत नाहीत. शेंगांच्या खुणेलाही मर्यादा आहे: त्या वाळून उकलल्या की टोकाचा जोड सुटतो, म्हणून हिरव्या असताना पाहाव्यात.

किल्ली वापरताना चार गोष्टी सांभाळा.

दोन्ही पर्याय पूर्ण वाचा. 'अ' पटला म्हणून 'ब' न वाचता पुढे जाऊ नका. 'ब' वाचल्यावरच कळतं की प्रश्न नेमका कशाबद्दल आहे.

मोजायचं असेल तर एक पान मोजू नका. वेगवेगळ्या फांद्यांवरची निदान पाच जून पानं मोजा आणि सगळी मापं लिहा.

शंका आली तर दोन्ही वाटांनी जाऊन बघा. एक वाट बहुतेक वेळा लवकरच अशा प्रश्नापाशी नेते, जो तुमच्या झाडाला लागूच पडत नाही. मग परत फिरा. कोणत्या पायरीवर शंका होती ते वहीत लिहा.

पायऱ्यांचा हिशोब लक्षात ठेवा. समजा प्रत्येक पायरीवर तुम्ही शंभरात ९५ वेळा बरोबर असता. ऐकायला उत्तम वाटतं. पण दहा पायऱ्या सलग बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे साधारण ६० टक्केच. दर पायरीला ९० टक्के असाल तर ती ३५ टक्क्यांवर येते. म्हणून किल्लीच्या शेवटी मिळालेलं नाव हा अंदाज असतो. त्याची तपासणी अजून व्हायची असते.

नाव मिळालं, आता ते खोटं पाडून बघा

किल्लीचा स्वभावच असा की ती कधी 'माहीत नाही' म्हणत नाही. वरच्या सहा झाडांच्या किल्लीत तांबडा कुडा नाही. तो राइटियाच, पण पानं मऊ, लवदार. तो समोर आला तर माझी किल्ली मुकाट्यानं त्याला 'काळा कुडा' म्हणेल. रस्त्याकडेचा रेन ट्री फक्त देशी झाडांच्या किल्लीतून नेला तर तो शिरीषाच्या आसपास कुठेतरी जाऊन बसेल. झाड पुस्तकातच नसेल तर पुस्तक जवळचं काहीतरी हातात देतं.

म्हणून नाव मिळालं की त्या झाडाचं संपूर्ण वर्णन उघडा आणि उलट्या बाजूनं वाचा: यातलं काय जुळत नाही? उंची, प्रदेश, समुद्रसपाटीपासूनची उंची, फुलायचा महिना, देठाची लांबी, पानामागची लव. एक ठळक गोष्ट जरी विरोधात गेली तरी थांबा. मग विचारा: याच्याशी गल्लत होईल असं दुसरं कोणतं झाड याच भागात आहे? त्याचंही वर्णन वाचा, आणि दोघांना वेगळं करणारी एक खूण झाडावर प्रत्यक्ष शोधा. ती खूण आत्ता दिसत नसेल तर ती कोणत्या महिन्यात दिसेल ते लिहा, म्हणजे परत कधी यायचं ते कळेल.

मोबाइलवरची ॲप्सही याच जागी ठेवा. आयनॅचरलिस्टसारखी ॲप्स मीही वापरते, पण ती जे सुचवतात ते उमेदवाराचं नाव म्हणून घेते. उमेदवाराची मुलाखत मात्र वर्णन वाचूनच.

नावांचा गुंता

मामांच्या प्रश्नाकडे परत येऊ. 'काळा का पांढरा' हा फरक त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होता, आणि तो नुसता शब्दांचा फरक नव्हता. आयुर्वेदात कुटज म्हणून वापरतात ती पांढऱ्या कुड्याची साल. तिच्यात काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते ही औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांना जुनी माहिती आहे. काळ्या कुड्याच्या पानांपासून पूर्वी निळा रंग काढत. 'टिंक्टोरिया' या नावाचा संबंध रंगाऱ्यांशीच आहे. दोन झाडांचे उपयोग वेगळे, म्हणून नावं वेगळी. गावातल्या माणसानं दोन नावं सांगितली तर आधी असं धरून चला की झाडंही दोन असतील.

पण स्थानिक नाव एका गावाहून दुसऱ्या गावाला जसंच्या तसं नेता येत नाही. महाबळेश्वर-भीमाशंकरकडे 'अंजन' किंवा 'अंजनी' म्हटलं की मेमेसायलॉन, निळ्या फुलांचं सदाहरित झाड. खानदेशात 'अंजन' म्हटलं की हार्डविकिया बायनाटा, कोरड्या भागातला, जुळ्या पर्णिकांचा पानझडी वृक्ष. नाव एक, कुळंसुद्धा वेगळी. वहीत स्थानिक नाव जरूर लिहा, पण कोणत्या गावात ऐकलं तेही लिहा.

शास्त्रीय नावंही स्थिर नसतात. कुकच्या काळातला होलॅऱ्हिना अँटिडिसेंटेरिका आज होलॅऱ्हिना प्युबेसन्स झालाय, ऐनाचं टर्मिनॅलिया टोमेंटोसा हे टर्मिनॅलिया एलिप्टिका झालंय. दोन पुस्तकांत दोन नावं दिसली म्हणून दोन झाडं समजू नका. क्यू उद्यानाच्या 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या कोशात जुनं नाव टाकलं की सध्याचं मान्य नाव मिळतं. प्रबंधात कोणत्या कोशाप्रमाणे नावं घेतली ते एका वाक्यात लिहायचं.

खात्री किती, तेही लिहा

माझ्या तक्त्यात आता नावाशेजारी खात्रीचा एक रकाना आहे. 'अ' म्हणजे फूल किंवा फळ पाहून, वर्णन तपासून पक्कं. 'ब' म्हणजे पान-साल-चिकावरून, जवळची जात नाकारता आलेली नाही. 'क' म्हणजे फक्त प्रजाती किंवा कुळ. आणि काहीच नाही जमलं तर 'अनोळखी १', 'अनोळखी २', प्रत्येकाचे फोटो आणि खुणा सोबत. 'अनोळखी ३' हा शब्द वहीत असण्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव मात्र पुढच्या प्रत्येक आकडेमोडीत शिरतं: दोन जाती एक धरल्या तर प्लॉटमधल्या जातींची संख्या कमी दिसते, एकाच जातीची कोवळी आणि जून झाडं दोन धरली तर जास्त. आणि संगणकाला ते कळायचा काहीच मार्ग नसतो.

'ब' आणि 'क' सोडवायची शेवटची जागा म्हणजे हर्बेरियम. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम. तिथल्या जाणकारांसमोर नुसता फोटो ठेवण्यापेक्षा फुलाफळासकट नीट दाबून वाळवलेला नमुना ठेवला तर उत्तर लवकर मिळतं. पण नमुना गोळा करण्याआधी वनविभागाची परवानगी हवी, अभयारण्यात तर हवीच हवी. परवानगीचा अर्ज पहिल्या फील्डच्या कितीतरी आधी करा.

वहीतली एक ओळ

माझी जुनी ओळ अशी होती:

'पांढरा कुडा, घेर ४२.'

तीच ओळ आज मी अशी लिहीन:

'झाड १७. घेर ४२ सेंमी, जमिनीपासून १.३ मी. वर. उतार, कोरडा. साल करडी, भेगा नाहीत. पानं साधी, समोरासमोर, ५ पानांची लांबी ११, १३, ९, १२, १२ सेंमी. चीक पांढरा, भरपूर. फूल-फळ दिसलं नाही (पाऊस, वर नीट बघता आलं नाही). मामा: काळा कुडा. किल्ली: पायरी ३ ला थांबले. खात्री क. शेंगांसाठी नोव्हेंबरमध्ये परत.'

लिहायला तीन मिनिटं जास्त लागतात. पण या ओळीत नाव नसतानाही झाड आहे, आणि पहिल्या ओळीत नाव असूनही झाड नाही.

संशोधनाला सुरुवात करणार असाल तर जंगलाची वाट बघू नका. कॉलेजच्या आवारातली अशी दहा झाडं निवडा, ज्यांची नावं तुम्हाला आधीच माहीत आहेत. आठ मुद्दे लिहा, मग किल्ली चालवून बघा ती त्याच नावाला पोचते का. जिथे पोचणार नाही तिथे एकतर तुमचं पान बघणं चुकलंय, किंवा किल्लीत ते झाड नाही, किंवा तुम्हाला माहीत असलेलं नाव चुकीचं आहे. यातलं काय झालं ते शोधून काढण्यात खरा सराव होतो.

आणि कुणी मामा 'काळा का पांढरा' असं विचारलं तर मान डोलावू नका. त्यांनाच विचारा, "मामा, तुम्ही कशावरून ओळखता?" उत्तर वहीत लिहा.